तिसऱ्या मजल्यावर अडणारी लिफ्ट

४ फेब्रुवारी

डावं मनगट मोडलं. पडता पडतासुद्धा मी लिहायचा हात वाचवला, यावरून माझं डोकं ठिकाणावर आहे हे हाडांच्या डॉक्टरला कळायला हवं होतं. पण तो पोरगेला डॉक्टर मलाच विचारतो, "आजी, या वयात स्टुलावर कशाला चढायचं?" मी म्हटलं, "कारण वरच्या फळीवरचं पीठ आपल्या पायांनी खाली येत नाही." नर्स हसली. तो हसला नाही. आता दीड-दोन महिने हा पांढरा दगड गळ्यात बांधून फिरायचं.

पण वही उघडली ती मनगटासाठी नाही, रागासाठी. आमच्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, राग आला की पाण्याचा घोट तोंडात धरून बसावं. आयुष्यभर घोट धरून माझे दात दुखायला लागले. आता लिहून काढणार.

राग असा. दवाखान्याच्या बाकावर एक मासिक पडलं होतं. त्यात आमच्या चिरंजीवांच्या यंत्राबद्दल छापून आलंय. चिरंजीव ज्या कंपनीत आहेत ती खेळांचे कन्सोल बनवते, म्हणजे टीव्हीला जोडून लोक ज्यावर खेळ खेळतात तो डबा. पुढच्या वर्षी त्यांचा नवा डबा बाजारात यायचाय आणि त्याच्या आतली चिप, म्हणजे त्याचा मेंदू, माझ्या मुलाने आखलाय. मासिक म्हणतं, "कागदावर हे यंत्र सर्वांत ताकदवान आहे. मात्र बाहेरचे खेळ-निर्माते त्याच्या नावाने रडत आहेत."

रडू देत. ज्याला जमत नाही त्याने दुसरा धंदा बघावा. मी पस्तीस वर्षं साहेबांची सेक्रेटरी होते. माझी फायली लावायची पद्धत कोणाच्या बापाला कळली नाही. मी निवृत्त झाल्यावर वर्षभर ऑफिसातून फोन येत होते, "मॅडम, अमुक फाइल कुठे?" किंमत म्हणतात ती याला.

७ फेब्रुवारी

चिरंजीवांनी स्वयंपाकाला बाई ठेवली. वर्षानुवर्षं माझ्याशिवाय या ओट्यापाशी कोणी उभं राहिलेलं नाही. आता मी बाहेर खुर्चीत बसते आणि ती आतून हाका मारते.

"मॅडम, मीठ?"

"दुधाच्या पावडरच्या डब्यात. बाळाचं चित्र आहे तो."

"चित्रं दोन डब्यांवर आहेत."

"जुनं बाळ. नव्या बाळाच्या डब्यात पीठ आहे."

"आणि साखर?"

"जहाजाच्या डब्यात."

"आणि चहाच्या डब्यात चहा ना?"

"चहाच्या डब्यात चहा कशाला असेल?"

इतकं सोपं आहे. डबे ज्या वर्षी घरात आले त्या क्रमाने लावलेत. लग्नाच्या वर्षी जहाजाचा बिस्किटांचा डबा आला, म्हणून तो पहिला. मग चिरंजीवांच्या दुधाचा, मग धाकटीच्या दुधाचा. यांच्या तंबाखूचा डबा शेवटी, कारण तंबाखू यांनी उतारवयात सोडली. त्यात चहा. माणसाला घरातल्या लोकांची जन्मवर्षं माहीत असली की काही म्हणजे काही विचारावं लागत नाही.

संध्याकाळी धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी मुलगी. लाँड्रीच्या वर दोन खोल्या भाड्याने घेऊन चार पोरांबरोबर खेळ बनवते. बाहेरचे खेळ-निर्माते म्हणतात ते हेच. आल्याबरोबर भावाशी जुंपली.

"दादा, तुझ्या कंपनीने दिलेला डबा आणून महिना झाला. माझा खेळ त्यावर चालत नाही."

"चालत नाही की चालवता येत नाही?"

"बघ आई, हा असा बोलतो."

"बरोबर बोलतो," मी म्हटलं.

११ फेब्रुवारी

बाई गेली. म्हणे, "मॅडम, स्वयंपाक मला येतो, पण तुम्हाला विचारल्याशिवाय इथे पाणीसुद्धा उकळत नाही. घाईचं काम असतं माझं, चार घरं असतात." मी म्हटलं, "घाई असेल तर दार उघडं आहे." ती खरोखरच गेली. हल्ली लोकांना बोलणं कळत नाही.

दुसरी बातमी त्याहून वाईट. दरवर्षी फुटबॉलचा खेळ काढणारी ती मोठी कंपनी जाहीरपणे म्हणाली, की त्यांचा खेळ फक्त पलीकडच्या, म्हणजे स्पर्धक कंपनीच्या यंत्रावर येणार. पलीकडचं यंत्र म्हणजे बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांची गोधडी. ताकदीने आमच्यापेक्षा कमी. पण म्हणे, "हात लावला की चालतं."

चिरंजीव जेवताना पानाकडे बघत होते. मी विचारलं, "एका फुटबॉलने काय बिघडतं?"

"एका फुटबॉलने नाही आई. लोक डबा घेत नाहीत, खेळ घेतात. डबा त्यांना नाइलाजाने घ्यावा लागतो. आमची कंपनी वर्षाला चार-पाच खेळ काढणार, बाकी सगळे बाहेरच्यांनी काढायचे. ते आले नाहीत तर मी बनवलाय तो फक्त एक गरम होणारा डबा."

"आणि मग?"

"मग पुढचं यंत्र दुसरा कोणी आखेल. माझा विभाग मिटेल."

एवढं बोलेपर्यंत त्याचा फोन वाजला. खेळ बनवणाऱ्या कुठल्या तरी स्टुडिओचा. नंतर आणखी दोघांचे आले. पोराला धड जेवू देत नाहीत. त्याच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही हे मात्र खरं. मला बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

नवी बाई आली. ही तोंडाने गरीब, पण वागायची तऱ्हा निराळीच. घरून एक पिशवी घेऊन येते. तिखट, मीठ, साखर, तेलाची छोटी बाटली, सगळं तिचं तिचं. माझ्या डब्यांना हातच लावत नाही. आठ फळ्यांचं स्वयंपाकघर असून ही बया खिडकीजवळच्या कोपऱ्यात पिशवी उघडते आणि तेवढ्यातच काय ते उरकते. रोज तीच बेचव भाजी आणि तेच वरण. मी म्हटलं, "एवढं सामान भरलंय, वापर की." तर म्हणते, "नको मॅडम, शोधण्यात दिवस जातो. माझं माझ्याजवळ बरं."

रविवार म्हणून चिरंजीव घरी होते. मी विचारलं, "तुझ्या यंत्रात असं आहे तरी काय? मला समजेल असं सांग."

तो खुलला. लहानपणी घड्याळ उघडून दाखवायचा तसाच. "बाकीच्या यंत्रांत दोन-तीन सारखे कामगार असतात. माझ्यात एक मुख्य आहे आणि सहा मदतनीस. मदतनीस इतके चपळ आहेत आई, की नीट कामाला लावले तर बाजारातलं कुठलंही यंत्र त्यांच्या जवळपास येणार नाही. आमच्या कंपनीच्या आतल्या पोरांनी केलेला खेळ बघशील तर थक्क होशील."

"मग बाहेरच्यांना का जमत नाही?"

"आतली पोरं माझ्या शेजारच्या खोलीत बसतात. अडलं की दार वाजवतात."

"आणि तू इतकं वेगळं का केलंस?"

त्याने सांगितलं. "आमच्या साहेबांचा आग्रह होता. एकदा आपल्या यंत्राची खोड अंगवळणी पडली, की तो माणूस शिकलेलं टाकून पलीकडे जाणार नाही. आणि आपल्यासाठी बनवलेला खेळ पलीकडे उचलून नेणंही अवघड होईल."

मला पटलं. नांदायला आलेल्या बाईने एकदा घर अंगवळणी पाडून घेतलं की ती माहेरी कशाला पळेल? पण आधी ती नांदायला यायला हवी, हे मी बोलले नाही. त्याचा चेहरा खुललेला होता.

२७ फेब्रुवारी

आज मी धाकटीच्या त्या कार्यालयात गेले. प्लॅस्टरसकट, लाँड्रीच्या वाफेतून, अरुंद जिना चढून. चौघांना सरळ विचारायचं होतं की तुम्ही आळशी आहात की मठ्ठ.

चौघांत एक उंच, वाकून चालणारा आहे, त्याला सगळे लंबू म्हणतात. त्याने मला गादीची खुर्ची दिली, स्वतः खोक्यावर बसला. सभ्य वाटला. टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी होते, एक आमचा काळा आणि एक पलीकडच्यांचा पांढरा. काळा घोरत होता.

खेळ असा आहे. एक जुनं, उंच हॉटेल. त्यात जाळीच्या दाराची लिफ्ट. ती चालवणारी एक म्हातारी. आपण पाहुणे. प्रत्येक मजल्यावर काहीतरी गूढ असतं आणि म्हातारीची मर्जी सांभाळल्याशिवाय ती वर नेत नाही. म्हातारी मेली भलतीच खवचट. मी जरा बटण जास्त दाबलं तर खेकसली, "घाई असेल तर जिना उघडा आहे!"

मी म्हटलं, "काय उद्धट बाई आहे. कुठून सुचली तुम्हाला?"

चौघांना एकदम खोकला आला. लाँड्रीच्या वाफेने येत असेल. धाकटी खिडकी उघडायला उठली.

पांढऱ्या डब्यावर लिफ्ट लोण्यातून सुरी जावी तशी वर गेली. काळ्यावर मात्र तिसरा मजला ओलांडला की थबकायची. म्हातारीचं तोंड उघडं, दिवा अर्धवट पेटलेला, पाहुण्याचा पाय हवेत. मग एक हिसका आणि चौथा मजला. दर वेळी तिथेच.

"यंत्र ताकदवान आहे ना?" मी विचारलं.

"खूप ताकदवान आहे, आजी," लंबू म्हणाला. "तुम्ही ऑफिसात होता ना? मग असं धरा. एक साहेब आहेत आणि सहा कारकून. कारकून हुशार, पण प्रत्येकाचं टेबल वीतभर. फायलींची खोली मोठी आहे, पण तिथून कागद आणायचा तर आधी चिठ्ठी पाठवायची, वाट बघायची, टेबलावर मावेल एवढाच तुकडा घ्यायचा, काम करायचं, तो परत पाठवायचा, मग पुढचा मागवायचा. कुठला तुकडा कधी मागवायचा हे आम्ही आधीच लिहून ठेवायचं. एक चुकला की सहाही जण हात बांधून बसतात. चौथा मजला म्हणजे एक जाडजूड फाइल आहे."

"मग करता काय?"

"काय करणार? सगळं काम एकट्या साहेबांना देतो. कारकुनांना हातच लावत नाही."

"म्हणजे सहा हुशार माणसं नुसती बसवून ठेवायची?"

"आम्ही चौघं आहोत, आजी. मोठ्या कंपन्यांकडे दोनशे माणसं असतात, त्याही कंटाळून निघून गेल्या."

मी खूप काही बोलणार होते. पण त्याने माझ्या प्लॅस्टरखाली उशी सरकवली, त्यामुळे विसरले.

जिना उतरताना धाकटीला म्हटलं, "कारकुनांना शिस्त लावली तर सगळं होतं."

"हो आई," ती म्हणाली. इतकी चटकन कबूल झाली, की मला संशय आला.

५ मार्च

घरात रण माजलं.

पलीकडच्या कंपनीने धाकटीला सांगून पाठवलंय. म्हणे, खेळ फक्त आमच्या पांढऱ्या यंत्रावर आणा, मग आम्ही आमच्या दुकानात पहिल्या रांगेत लावू, जाहिरातही आम्हीच करू. उत्तर महिनाअखेरपर्यंत हवं.

दादासमोर बसून तिने हे सांगितलं. आवाज शांत, हात मात्र टेबलक्लॉथच्या सुरकुत्या काढत होते. तशा त्याला सुरकुत्या नव्हत्या.

"मग सही कर," चिरंजीव म्हणाले.

"मला करायची नाहीये. मला दोन्हीकडे यायचंय. तुझ्या लोकांकडे मदत मागितली, तर त्यांनी मला एक जाडजूड पुस्तक पाठवलं. तेही अर्धवट."

"पुस्तक मीच लिहितोय. वेळ मिळेल तसं."

"दिवसभर फोनवर तेच ते सांगत बसतोस, मग वेळ कुठून मिळणार? दादा, चिपचा नकाशा अजून गोठलेला नाही ना, बदलता येतो ना? एप्रिलमध्ये गोठणार म्हणालास. दोन मदतनीस कमी कर. त्या जागेत बाकीच्यांना सरळ मोठ्या मेमरीपर्यंत जायची वाट दे. एवढंच. मी एकटी नाही मागत, सगळे मागतायत."

"सहाचे चार केले तर ते माझं यंत्र राहतं का? मग पलीकडच्यात आणि माझ्यात फरक काय?"

"तुझ्यावर माझा खेळ चालेल, हा फरक."

मी मध्ये पडले. पडायलाच हवं होतं. मी धाकटीला म्हटलं, "सख्ख्या भावाचं यंत्र सोडून निघालीस. लोक काय म्हणतील? बहीणसुद्धा आली नाही म्हणतील."

तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरले. "तेच म्हणतील आई. म्हणूनच तर अजून सही केली नाही. माझी चार पोरं खोळंबलीयेत."

चपला घालून ती गेली. चिरंजीवांचा फोन वाजत राहिला. आज पहिल्यांदाच त्याने उचलला नाही.

९ मार्च

दुसरी बाईही गेली. पिशवी घेऊन आली होती, पिशवी घेऊन गेली. जाताना म्हणाली, "मॅडम, तुमचं स्वयंपाकघर फार मोठं आहे हो. माझ्याच्याने नाही होत." स्तुती की निंदा, कळलं नाही.

अंग दुखतंय. घसा बसलाय.

१२ मार्च

ताप उतरला. दोन दिवस मी नुसती पडून होते, आवाज तर पार गेला होता. त्यात जे रामायण झालं ते बसून लिहिते.

काल दुपारी चिरंजीव माझ्यासाठी ऑफिसातून लवकर आले. म्हणाले, "आई, पडून राहा. सूप आणि चहा मी करतो. मला तुझे डबे पाठ आहेत." खरंच पाठ होते. लहानपणी डोळे मिटूनसुद्धा त्याला साखर सापडायची. साखर त्याच्या दुधाच्या डब्यात आणि मीठ जहाजाच्या.

पण जहाजाच्या डब्याला आतून गंज लागला तेव्हा मी दोन्हींची अदलाबदल केली होती. हे गेले त्या सुमारास. मीठ पत्रा खातं, साखर नाही खात. सांगणार कोणाला? वापरणारी मी एकटीच.

कॉटवरून मला स्वयंपाकघराचा अर्धा भाग दिसतो. मी हाताने नको नको म्हणत होते, पण त्याची पाठ माझ्याकडे होती. आवाज निघेना. चहाच्या डब्यात चहा नाही एवढं त्याला माहीत होतं, पण तंबाखूचा डबा उघडताना तो जरा वेळ तसाच उभा राहिला. त्या डब्याला अजून तंबाखूचा वास येतो. मग घाईघाईने सगळं केलं आणि ट्रे घेऊन आला.

सूप गोड होतं आणि चहा खारट.

मी कुजबुजले, "हे औषध आहे की शिक्षा?"

त्याने दोन्ही चाखून बघितलं. आधी मोठ्याने हसला. परत आत गेला, एकेक डबा उघडून बघायला लागला. जहाज. जुनं बाळ. नवं बाळ. बघता बघता त्याचं हसू गेलं. मग ओट्याला टेकून जमिनीवरच बसला.

मी खुणेने विचारलं, काय झालं?

"काही नाही," तो म्हणाला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "मला वाटलं होतं, मला तरी येईल."

थोड्या वेळाने उठला, शेजारच्या दुकानातून माझ्यासाठी पाव आणि दूध आणून ठेवलं, बहिणीला फोन करून माझ्याजवळ बसायला बोलावलं आणि परत ऑफिसात गेला. ज्या ऑफिसातून आईसाठी सुटून आला होता तिथेच. सुपात साखर पडली म्हणून इतकं मनाला लावून घेतं का कोणी? अगदी बापावर गेलाय.

२४ मार्च

चिरंजीव घरी फक्त आंघोळीला येतात. दाढी वाढलीये. विचारलं की "कामात आहे" म्हणतात. धाकटी रोज येऊन अंडी उकडून देते. उकडलेल्या अंड्याला डबे लागत नाहीत. मीठ मी माझ्या हाताने वाढते.

तिची महिनाअखेर जवळ येतेय. मी विचारत नाही. तीही सांगत नाही. आज मात्र निघताना दारात थांबून म्हणाली, "आई, दादाने लंबूला फोन केला होता. स्वतःहून. तासभर. आणि म्हणे पूर्ण वेळ हेच विचारत होता, तुम्ही कुठे अडता? फक्त ऐकत होता."

"आजारी आहे का तो?" मी विचारलं.

"नाही ग," ती म्हणाली. तिने माझ्या गालाचा पापा घेतला. ती हे वर्षातून एकदा करते. आज वाढदिवस नव्हता.

२ एप्रिल

प्लॅस्टर निघालं. मनगट चिमणीच्या पायासारखं दिसतंय. पण आजच्या बातमीपुढे मनगटाचं काय!

चिरंजीवांनी सहाचे चार केले. आपल्या हाताने. मधल्या जागेत वाट काढली, आता चारही जणांना मुख्य कामगारासारखंच मोठ्या मेमरीपर्यंत, म्हणजे लंबूच्या त्या फायलींच्या खोलीपर्यंत, सरळ जाता येणार. साहेब भडकले होते. म्हणाले, असं केलं तर इथला खेळ उद्या कोणीही पलीकडे नेईल. त्यावर चिरंजीव म्हणाले म्हणे, "नेईल साहेब. पण आधी इथे येईल." तीन बैठका झाल्या. शेवटी साहेबांनी मान डोलावली, पण एक गोष्ट ठणकावून: यंत्र पडलं तर जबाबदारी एकट्याची.

आणि धाकटीने पलीकडच्यांना कळवलं, फक्त तुमच्याकडे नाही, दोन्हीकडे येऊ. म्हणजे पहिली रांग गेली. जाहिरातही गेली.

मी भयंकर संतापले. मी म्हटलं, "तुझ्या यंत्राचं नाक कापलंस! उद्या मासिकवाले लिहितील, साधंच तर आहे."

"लिहू देत," तो म्हणाला. डोळ्यांखाली काळं झालेलं, पण इतका निवांत मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "तुला आठवतं आई, बाबा म्हणायचे, या घरात चहा हवा तर आधी तुझ्या आईला उठवा?"

"म्हणायचे. कौतुकाने म्हणायचे."

"हो," तो म्हणाला. "आणि तू झोपली असलीस की चहाशिवाय बसायचे."

त्याचा आणि यंत्राचा संबंध काय? हल्ली त्याचं बोलणं असं भरकटतं. झोप हवीये पोराला.

पण हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

६ एप्रिल

सकाळी उठून बघते तर माझ्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या! भाऊबहिणीने मिळून लावल्या. धाकटीचं अक्षर म्हणजे कोंबडीने पाय फिरवलेले. "मीठ" वाचायला चष्मा पुरेना. मी एकूण एक फाडून टाकल्या. दोघंही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती, लहानपणी काच फोडल्यावर उभी राहायची तशी.

"हे माझं घर आहे," मी म्हटलं.

"हो आई."

"माझे डबे आहेत."

"हो आई."

"मग या घाणेरड्या अक्षरात त्यांच्यावर काही लिहायची तुमची हिंमत कशी झाली?"

सिस्टरांनी आमची अक्षरं पट्टीने घोटून घेतली होती. दुपारभर बसून मी स्वतः चिठ्ठ्या लिहिल्या. दाट काळ्या शाईत, ठळक, सरळ. या दोघांना दाखवायला, की लिहायचं तर असं. दुसरं काही कारण नाही.

तंबाखूच्या डब्यावर "चहा" लिहिताना हात थांबला. मग चहा काढून चहाच्या डब्यात भरला. मेला तो डबा इतकी वर्षं रिकामाच होता. यांचा डबा पुसून माझ्या कॉटजवळ ठेवला. त्यावर चिठ्ठी नाही. त्याला शोधत कोणी येणार नाही.

३० जून

तिसरी बाई टिकली. अडखळत वाचते, पण वाचते. काल तिने माझी हळद संपत आल्याचं मला सांगितलं. मला!

१८ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी वही उघडतेय. राग यायचा कमी झालाय की काय कोण जाणे. वयाचा परिणाम.

सुधारलेला काळा डबा गेल्या महिन्यात सगळ्या स्टुडिओंना पोचला. मासिकाने लिहिलं, "आता साधंच आहे." मी म्हटलं होतं तसंच! पण पुढच्या पानावर खेळांची यादी होती आणि ती पान ओलांडून पलीकडे गेलेली. फुटबॉलवालेही परत आले. पलीकडची कंपनी आता म्हणते, आमचंही नवं यंत्र येतंय. येऊ द्या.

सकाळी धाकटीकडे गेले होते. लंबूने तीच खुर्ची दिली. काळ्या डब्यावर लिफ्ट लावली. दुसरा मजला, तिसरा... मी खुर्चीचा हात घट्ट धरला. चौथा. पाचवा. म्हातारी बडबडत होती आणि लिफ्ट जात राहिली. छतावर पोचल्यावर तिने जाळीचं दार उघडलं आणि म्हणाली, "चला, उतरा. इथून पुढे तुमचं तुम्हाला येतं."

हे वाक्य नवीन होतं. मी धाकटीला विचारलं, "ही इतकी मवाळ कधी झाली?"

"एप्रिलमध्ये," ती म्हणाली आणि पडद्याकडे बघत राहिली.

आता संध्याकाळ. चिरंजीव उजेडात घरी आलेत आणि माझ्याशेजारी बसलेत. फोन आमच्यामध्ये टेबलावर आहे.

मग तो म्हणाला, "आई, आज मला कोणाचाच फोन आला नाही. दिवसभर. कोणाचं काही अडलंच नाही."

मला त्याला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं, तोंडावर आलंही होतं. पण मी म्हटलं, "मलाही आज कोणी हाक मारली नाही."

तो माझ्याकडे बघून हसला. मी नाही हसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. झाकण उघडलं, झाकण लागलं, पाणी उकळलं. कोणी काही विचारलं नाही. मी दोनदा खुर्चीतून उठले आणि दोनदा बसले.

बाईने चहा आणून ठेवला. मी घोट घेतला, तोंडात धरून ठेवला. चिरंजीव वाट बघत होते.

साखर बरोबर होती.